हौदा आखूड की लांब?

घरात एखादे कपाट करवून घेण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांनी सुताराच्या तोंडून ‘आठ बाय चार’ हे शब्द हमखास ऐकले असतील. बेळगाव असो, इंदूर असो की बडोदे असो, प्लायवूडच्या दुकानात गेल्यावर पहिला तक्ता पुढे येतो तो आठ फूट लांब आणि चार फूट रुंद. मीटर आणि सेंटिमीटर आपल्या शाळांत येऊन साठ वर्षांवर काळ लोटला, तरी सुताराचे आठ बाय चार जागचे हललेले नाही. मध्यंतरी माझ्याकडे असे सहा तक्ते आले ते एका लहानशा टेंपोतून. टेंपोचा हौदा तक्त्यांपेक्षा चांगला फूटभर आखूड. मागचा फाळका खाली सोडलेला, तक्त्यांची टोके बाहेर आलेली आणि त्यांना एक लाल फडके बांधलेले. मी टेंपोवाल्याला सहज विचारले, “अरे, हौदा आणखी फूटभर लांब घेतला असतास तर काय बिघडले असते?” तो म्हणाला, “काका, मग ही गाडी तुमच्या बोळात वळली नसती.”

त्याचे हे एका वाक्याचे उत्तर म्हणजे एका मोठ्या देशात शंभर वर्षे चाललेल्या वादाची एक बाजू आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तो देश म्हणजे अमेरिका. पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली जी हलकी मोटारगाडी आपण पिकअप म्हणून ओळखतो, ती तिथे शेतकऱ्याच्या, सुताराच्या, नळदुरुस्ती करणाराच्या आणि अलीकडे तर कचेरीत बसणाऱ्या कारकुनाच्याही दारात उभी असते. ती विकत घेताना गिऱ्हाइकाला सोडवावा लागणारा एक जुना प्रश्न हाच, की हौदा आखूड घ्यायचा की लांब? लांब म्हणजे आठ फुटांचा, आखूड म्हणजे साडेपाच फुटांचा, आणि त्यांच्या मध्ये साडेसहा फुटांचा. वरवर पाहता हा अडीच फुटांचा प्रश्न आहे. परंतु त्या अडीच फुटांत कोणी बसायचे, माणसांनी की मालाने, याचा निवाडा तिथे पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे, आणि तो एकदाच होऊन संपलेला नाही.

या गोष्टीचा आरंभ हेन्री फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीपासून करावा लागतो. १९०८ साली ही गाडी बाजारात आली आणि १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटी प्रती निघाल्या. ती बनवली होती माणसांच्या प्रवासासाठी. पण खेड्यातल्या शेतकऱ्याला केवळ प्रवासापुरती गाडी ठेवणे परवडणारे नव्हते. ज्या गाडीतून रविवारी देवळात जायचे तिनेच सोमवारी अंडी, दुधाच्या किटल्या आणि बटाट्याची पोती बाजारात न्यावीत, ही त्याची अपेक्षा. मग त्याने काय करावे? करवत आणि छिन्नी हाती घ्यावी, मागची बैठक काढून टाकावी आणि तिच्या जागी फळ्यांची एक पेटी ठोकावी. ही कारागिरी इतकी सर्वत्र चालली होती, की ओहायो राज्यातल्या गॅलियन गावच्या एका कारखान्याने १९१३ च्या सुमारास मॉडेल टीच्या सांगाड्यावर मालाच्या पेट्या बसवून देण्याचाच धंदा सुरू केला. जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही १९३९ सालची कादंबरी ज्यांनी वाचली असेल त्यांना जोड कुटुंबाची गाडी आठवत असेल. ती मुळातली मालमोटार नव्हे. हडसन बनावटीची चांगली बंद मोटार मधोमध कापून तिचा ट्रक केलेला होता. दुष्काळाने आणि कर्जाने देशोधडीला लागलेले एक अख्खे कुटुंब आपल्या सामानासह त्या हौद्यात बसून कॅलिफोर्नियाकडे निघते. माणसे आणि माल यांच्यामधल्या जागेच्या ओढाताणीचे याहून करुण चित्र मला दुसरे माहीत नाही.

शेतकरी घरोघर जे करीत होता तेच आपण कारखान्यात का करू नये, हा विचार फोर्ड कंपनीला उशिरा सुचला. १९२५ च्या एप्रिल महिन्यात तिने मॉडेल टीची दोन माणसांची गाडी पोलादी हौद्यासह विकावयास काढली. किंमत २८१ डॉलर. हौद्याला मागे उघडझाप करणारा फाळका, कडांना खुंट बसवण्यासाठी खोबणी, आणि खाली नेहमीपेक्षा दणकट स्प्रिंगा. पहिल्याच वर्षी अशा सुमारे ३४,००० गाड्या तयार झाल्या.

आता या पहिल्या हौद्याची लांबी पाहा. ती होती ५६ इंच, म्हणजे पाच फुटांनाही चार इंच कमी. रुंदी चाळीस इंचांच्या थोडी वर आणि खोली तेरा इंच. कोणता माल किती लांबीचा असतो याचा विचार करून कोणी हा आकडा काढला असेल असे मला वाटत नाही. मॉडेल टीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, ज्याला मोटारीच्या धंद्यात व्हीलबेस म्हणतात, ते होते शंभर इंच. पुढे इंजिन, मग बैठक, आणि तिच्या मागे जे काही उरले ते हौद्याच्या वाट्याला आले. थोडक्यात, पिकअप जन्मली तेव्हा आखूड हौद्याचीच होती आणि तो आखूडपणा तिने निवडलेला नव्हता. तो प्रवासी गाडीच्या पोटी जन्मल्याचा परिणाम होता.

लांब हौदा हवा असेल तर दुसरा मार्ग होता. पण तो वेगळ्याच पायरीवरचा. फोर्डने १९१७ पासून ‘टीटी’ नावाचा एक टन वजनाचा माल पेलणारा सांगाडा काढला होता आणि त्याचा व्हीलबेस १२४ इंच होता. म्हणजे लांबी हवी तर वजनदार गाडी घ्या, जास्त पैसे मोजा आणि सावकाश चालवा. लांबी आणि ताकद यांची ही जी गाठ तेव्हा पडली ती पुढे जवळजवळ तीस वर्षे सुटली नाही. आपल्याकडील शेतकऱ्याला हे नव्याने सांगावे लागणार नाही. छकडा आणि खटारा यांच्यातला फरक केवळ साटीच्या लांबीचा नसतो. त्याबरोबर चाके, कणा आणि बैल हेही बदलावे लागतात.

इथे क्षणभर ऑस्ट्रेलियाकडे वळायला हवे, कारण या वादातली खरी अडचण तिथे एका बाईंनी फार नेमकी सांगितली. १९३२ साली व्हिक्टोरिया प्रांतातल्या गिप्सलँड भागातील एका शेतकऱ्याच्या पत्नीने फोर्ड कंपनीला पत्र लिहिले, असे सांगतात. रविवारी प्रार्थनेला जाताना पावसात भिजावे लागू नये आणि सोमवारी तीच गाडी डुकरे घेऊन बाजारात जावी, अशी गाडी तुम्ही का करीत नाही, असा तिचा सवाल होता. मंदीच्या त्या दिवसांत दोन गाड्यांसाठी कर्ज मिळणे शक्य नव्हते. कंपनीच्या जिलाँग येथील कारखान्यात ल्यू बँड्ट या तरुण आरेखकाने मोटारीची बंद केबिन आणि मालाचा हौदा सलग एकाच अंगात जोडले आणि १९३४ साली ती गाडी रस्त्यावर आली. ऑस्ट्रेलियात तिला ‘यूट’ म्हणतात. त्या बाईंच्या पत्रात आठवड्याच्या दोन दिवसांची नावे आली, परंतु पैसे एकाच गाडीपुरते होते. आखूड-लांब हौद्याचा सारा प्रश्न तिथेच आहे.

परत अमेरिकेत येऊ. दुसरे महायुद्ध संपले आणि सैनिक घरी परतले. १९४४ च्या कायद्याने त्यांना घरासाठी कर्जाची हमी मिळाली होती. त्यामुळे शहरांच्या कडेने घरांच्या वसाहतीच्या वसाहती उठू लागल्या. न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत १९४७ साली लेव्हिटाउनचे काम सुरू झाले आणि चार वर्षांत तिथे सतरा हजारांवर घरे उभी राहिली. ही घरे दगडविटांची नव्हेत, लाकडी सांगाड्याची. सांगाड्याचे उभे वासे सोळा-सोळा इंचांवर आणि त्यांवर ठोकायचे तक्ते चार फूट रुंद, आठ फूट लांब. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस आणि सोळा सक शहाण्णव. म्हणजे तक्ता उभा ठोका की आडवा, त्याची कड बरोबर वाशावर येते आणि खोलीची उंचीही आठ फूट असल्याने कापाकापी वाचते. प्लायवूड काही तेव्हा नवे नव्हते. १९०५ साली ऑरेगन राज्यातील पोर्टलंडच्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले होते. १९२८ मध्ये आठ बाय चारचे माप रूढ झाले, आणि १९३४ मध्ये पाण्याला न सुटणारा सरस सापडल्यावर ते घराच्या बाहेरच्या अंगालाही लावता येऊ लागले. युद्धोत्तर बांधकामाने मात्र हा तक्ता खऱ्या अर्थाने घरोघर नेला.

आणि हा तक्ता वाहायचा कशातून? १९४८ साली फोर्डने ‘एफ’ मालिकेच्या नव्या गाड्या काढल्या. त्यांतल्या सर्वांत हलक्या, अर्ध्या टनाच्या ‘एफ-१’ला हौदा होता साडेसहा फुटांचा. आठ फुटांचा हवा असेल तर ‘एफ-२’ किंवा ‘एफ-३’ या भारी गाडीकडे जावे लागे. शेव्हरोलेचीही रीत तीच होती. साध्या सुताराला भारी गाडीची ताकद नको होती. त्याचे तक्ते वजनाने फार नसत, ते फक्त लांब असत. अखेरीस १९५० च्या दशकाच्या मध्यास दोन्ही कंपन्यांनी अर्ध्या टनाच्या गाडीलाही लांब व्हीलबेसचा पर्याय दिला. टीटीच्या काळापासून पडलेली ती लांबी आणि वजनाची गाठ इथे सुटली, आणि आखूड की लांब हा प्रश्न पहिल्यांदाच निखळ निवडीचा प्रश्न म्हणून गिऱ्हाइकापुढे आला.

त्याच सुमारास हौद्याचा आकारही पालटला. जुन्या पिकअपचा हौदा मागच्या चाकांच्या मध्ये बसवलेला अरुंद पेटारा असे आणि चाकांवरची मडगार्डे बाहेर फुगलेली दिसत. १९५५ साली शेव्हरोलेच्या ‘कॅमिओ कॅरियर’ या गाडीने केबिनच्या रेषेत सरळ जाणाऱ्या सपाट बाजू लोकांना दाखवल्या. १९५७ साली फोर्डने आणि १९५८ साली पुन्हा शेव्हरोलेने तसा रुंद पोलादी हौदा सर्वसाधारण गाड्यांना दिला. हौदा रुंद झाला, पण चाके आता त्याच्या पोटात आली आणि तळावर दोन्ही बाजूंना त्यांचे फुगवटे उठले. मोठ्या पिकअपमध्ये या दोन फुगवट्यांच्या मध्ये किमान चार फूट सपाट जागा राखावयाची, हा पुढे दंडकच होऊन बसला. लांबी आठ फूट, फुगवट्यांमधले अंतर चार फूट. सुताराच्या तक्त्याने मोटारीच्या कारखान्याला आपले माप दिले ते असे.

लांब हौद्याच्या बाजूने बोलणारे केवळ तक्त्यापाशी थांबत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. गाडीतल्या ओझ्याचा मध्य मागच्या आसाच्या किंचित पुढे असावा, म्हणजे त्याचा थोडा भार पुढच्या चाकांवरही पडतो. आखूड हौद्यात लांब माल भरला, की तो फाळक्यावरून मागे लोंबतो. मग आसाच्या मागचे वजन तरफेसारखे काम करून पुढची चाके हलकी करते आणि सुकाणू हातात सैल लागू लागते. बैलगाडी उलाळ झाली म्हणजे काय होते हे ज्याने पाहिले आहे त्याला हे चटकन कळेल. लांब गाडीत तोच माल दोन आसांच्या मध्ये निवांत बसतो. शिवाय हौद्याच्या तळाला खिळवलेल्या कडीने मोठी गाडी मागे जोडून ओढायची असेल, तर आखूड हौद्यात वळणावर त्या जोडगाडीचे नाक केबिनच्या मागच्या काचेला भिडण्याची भीती असते. अशी आपत्ती टाळण्यासाठी मागे सरकणाऱ्या कड्याही निघाल्या आहेत. पण ती मूळ अडचणीवरची मलमपट्टी होय. उलट आखूडवाल्यांचेही म्हणणे खोटे नाही. गाडी लहान जागेत वळते, उंचवट्यावर तिचे पोट टेकत नाही, आणि ती घराच्या गॅरेजमध्ये मावते. माझ्या टेंपोवाल्याने हेच सांगितले होते.

येथवर हा मालाचा आणि रस्त्याचा हिशेब झाला. पण याच काळात केबिनमध्ये दुसरीकडे चुळबूळ सुरू झाली होती. १९५७ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने ‘ट्रॅव्हलेट’ नावाची पिकअप काढली. तिच्या केबिनमध्ये बैठकीच्या दोन रांगा होत्या आणि दारे तीन. अशा गाड्यांचे गिऱ्हाईक म्हणजे रेल्वे, वीज कंपन्या आणि जंगलखाते. पाच-सहा कामगारांची टोळी हत्यारांसह कामावर न्यायची, एवढाच तिचा उपयोग. डॉज आणि फोर्ड यांनीही १९६० च्या दशकात तशाच गाड्या केल्या. त्या वेळी कोणाला वाटलेही नसेल, की कामगारांच्या टोळीसाठी घातलेली ती दुसरी बैठक एक दिवस घरच्या मुलांची होईल आणि हौद्यातले फूट-दीड फूट खाऊन टाकील.

मध्ये एक चमत्कारिक प्रकरण घडले. ते सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण त्यात हौद्याची किंमत कायद्याने ठरवली. १९६२ साली युरोपच्या सामायिक बाजारपेठेने अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त कोंबड्यांवर जबर जकात बसवली. वाटाघाटी फसल्या आणि १९६३ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी उलट जकात लादली ती बटाट्याच्या खळीवर, ब्रँडीवर आणि हलक्या मालमोटारींवर. दर शेकडा २५. रोख होता जर्मनीच्या फोक्सवागनवर; पण पुढे तडाखा बसला तो जपानला. १९७२ साली फोर्डने माझ्दाकडून आणि शेव्हरोलेने इसुझूकडून लहान पिकअप आणवून आपल्या नावाने विकायला काढल्या, तेव्हा त्यांनी एक युक्ती योजली. केबिन आणि सांगाडा जहाजातून येई तो हौद्याशिवाय. बंदरातल्या अधिकाऱ्यांच्या लेखी ती पुरती मालमोटार नव्हे, म्हणून जकात शेकडा चारच. अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरल्यावर तिच्या पाठीवर हौदा बसवला, की ती पिकअप झाली! १९८० साली सरकारने ही पळवाट बुजवली, परंतु तोवर आठ वर्षे गेली होती. ज्या वस्तूला लोक नुसता पत्र्याचा खोका म्हणत होते तिच्या असण्या-नसण्यावर शेकडा एकवीस जकातीचा फरक पडत होता, ही गोष्ट कारखानदारांनी ओळखली होती.

आता त्या दुसऱ्या बैठकीकडे वळू. १९७३ साली डॉजने आणि १९७४ साली फोर्डने केबिन मागच्या बाजूला थोडी वाढवली. दारे दोनच, पण बैठकीमागे मुलांना आडवे बसवण्यापुरती किंवा सामान ठेवण्यापुरती जागा. मग दारे वाढली, जागा वाढली. २००१ च्या मॉडेल-वर्षाची म्हणून फोर्डने ‘एफ-१५० सुपरक्रू’ विक्रीला आणली. तिला चार पुरी दारे होती, मागे मोठ्या माणसांनी सुखाने बसावे अशी बैठक होती आणि हौदा होता साडेपाच फुटांचा. ही गाडी लोकांनी उचलून धरली. पण हौदा अपुरा पडतो हे विकणारालाही ठाऊक होते; म्हणून फाळका उघडून त्यावर उलटवायची नळ्यांची एक चौकट तिच्याबरोबर जादा सामान म्हणून मिळे. शेव्हरोलेची तोड त्याहून गमतीची. २००१ साली आलेल्या तिच्या ‘अॅव्हलांच’ या गाडीचा हौदा सव्वापाच फुटांचा होता. मात्र केबिनची मागची भिंतच दुमडून खाली पाडता येई. मागची बैठक मिटली की सुताराचा आठ फुटी तक्ता सरळ केबिनमध्ये घुसे आणि फाळकाही बंद होई. अर्थात त्या दिवशी मुलांनी घरी राहायचे. ही गाडी २०१३ नंतर बंद झाली.

या सगळ्याचा हिशेब मांडून पाहिला तेव्हा मला एक गोष्ट लक्षात आली आणि ती जाहिरातींत कोणी स्पष्ट सांगत नाही. २०१५ सालची एफ-१५० घ्या. एका बैठकीची, आठ फुटी हौद्याची गाडी लांबीला सुमारे २२८ इंच भरते. दोन बैठकींची, साडेपाच फुटी हौद्याची गाडी सुमारे २३२ इंच. दोन्ही एकोणीस फुटांच्या आसपास! म्हणजे ‘आखूड’ म्हणवणारी गाडी रस्त्यावर तसूभरही आखूड नाही. गाडीची लांबी तीच राहिली. तिच्या आतली वाटणी तेवढी बदलली. हौद्याचे अडीच फूट केबिनकडे गेले. बरे, दोन्ही हवे असेल, कुटुंबही आणि आठ फूटही, तर एफ-२५० ही थोरली गाडी घ्यावी लागते आणि तिची लांबी सुमारे २६६ इंच, बावीस फुटांच्या वर जाते. अमेरिकेतल्या जुन्या घरांचे वीस फुटी गॅरेज तिला पुरत नाही. ती अंगणात उन्हापावसात उभी राहते. वळणाचा आणि गॅरेजचा जो गुण आखूड हौद्याच्या नावाने गायला जातो तो खरे म्हणजे आखूड हौदा आणि एकच बैठक असलेल्या गाडीचा आहे, आणि तशी गाडी आज फार थोडे लोक घेतात.

शब्दही कसे सरकतात पाहा. १९६० च्या दशकात साडेसहा फुटांच्या हौद्याला तिथले लोक आखूड म्हणत. आज तोच हौदा ‘सर्वसाधारण’ म्हणून ओळखला जातो, आखूड हे नाव साडेपाच फुटांकडे गेले आहे, आणि आठ फुटांचा हौदा मागणाऱ्याकडे विक्रेता हा कोणी ठेकेदार असावा अशा नजरेने पाहतो. मला विचाराल तर ज्याचा माल आठवड्यातून दोनदा तरी बाहेर लोंबतो त्याने लांब हौदा घ्यावा आणि लोकांच्या नजरेची पर्वा करू नये. ज्याला वर्षाकाठी दोनदा तक्ते आणायचे आहेत त्याने दुकानदाराला ते घरपोच पाठवायला सांगावे. मधल्या साडेसहा फुटांची लोक तडजोड म्हणून थट्टा करतात. पण फाळका उघडा टाकला की त्यावर आठ फुटी तक्ता पुरता टेकतो, पडत नाही. मुलाबाळांच्या शेतकऱ्याला हीच गाडी मी सुचवीन, जरी दोन बैठकींसह तिचा व्हीलबेस १५७ इंचांवर जातो आणि गावच्या बाजारात ती वळवताना त्याला घाम फुटतो.

आपल्याकडे ही ओढाताण या स्वरूपात आलेली नाही. आपली पिकअप ही मुख्यतः भाडे मारणारी गाडी. ती मालवाहू म्हणून नोंदली जाते, तिचे मोल तिच्या खेपांवर ठरते आणि कुटुंबाला तिच्यात बैठक नसते. त्यामुळे आपला मालक केबिनला फारसे काही न देता सगळी लांबी हौद्याला देऊ पाहतो. त्याला अडवतो तो रस्ता. बेळगावच्या बाजारातून रोज पहाटे कोबी, टोमॅटो आणि मिरची भरून ज्या पिकअप चोर्ला घाटाने गोव्याला उतरतात, त्यांच्या चालकांशी बोलून पाहा. लांब हौद्यात माल अधिक बसतो हे ते मान्य करतात. पण घाटाच्या वळणावर समोरून बस आली म्हणजे मागे कोणी सरायचे, हेही ते लगेच विचारतात. २००५ साली आलेल्या टाटांच्या ‘एस’ गाडीला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटले ते याच कारणाने. गाडी छोटी, बोळात शिरणारी, आणि अंगाच्या मानाने ओझे भरपूर वाहणारी.

अमेरिकेत मात्र चक्र फिरून जवळजवळ मूळ जागी आले आहे. २०२१ च्या जूनमध्ये फोर्डने ‘मॅव्हरिक’ ही लहान पिकअप जाहीर केली. ती ट्रकच्या स्वतंत्र सांगाड्यावर उभी नाही. तिचा पाया प्रवासी मोटारीचाच आहे, जसा मॉडेल टीचा होता. तिला चार दारे आहेत, पाच माणसांची जागा आहे, आणि हौद्याची लांबी आहे साधारण साडेचोपन्न इंच. म्हणजे १९२५ सालच्या पहिल्या पिकअपपेक्षाही दीड इंच कमी! आठ बाय चारचा तक्ता तिच्यात कसा न्यायचा, याचीही सोय तिथल्या आरेखकांनी करून ठेवली आहे. फाळका अर्ध्यावर अडकवून ठेवता येतो आणि त्याची कड चाकांवरच्या फुगवट्यांच्या बरोबर उंचीला येते. तक्ता या दोन्हींवर टेकून आडवा राहतो. मागे तीन-साडेतीन फूट तो बाहेर येतो, आणि त्याच्या टोकाला लाल फडके बांधलेले दिसते.